टर्बोची लहान जोडी

अब्बा, गेल्या महिन्यात माझ्या वर्कशॉपमध्ये एक गाडी आली आणि तिच्यापायी तीन दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. बंदराजवळची तुमची इंजिनदुरुस्तीची खोली आता नाही, मी एमआयडीसीत शेड घेतली आहे. लाँचची इंजिनं अजून येतात, पण त्याहून जास्त येतात त्या गाड्या, ज्यांच्या मालकांना कंपनीने दिलेली ताकद पुरत नाही. ही गाडी कोल्हापूरच्या एका डॉक्टरांची. बुटकी, दोन दारांची, सहा सिलिंडरची, आणि तीन-तीन सिलिंडरांना एकेक असे दोन टर्बो. रस्त्यावर ते ती फारशी काढत नाहीत. वर्षातून चार-पाचदा ट्रेलरवर चढवून कोइमतूरला नेतात आणि तिथल्या रेसच्या ट्रॅकवर पळवतात.

डॉक्टरांना दोन्ही टर्बो बदलून मोठे हवे होते. त्यांच्या मित्राच्या तशाच गाडीत मोठी जोडी आहे, तिचा फोटो ते फोनवर काढून घेऊन आले होते. "मॅडम, हीच बसवा," म्हणाले. मी त्यांच्याकडून मागच्या खेपेची नोंद मागून घेतली. गाडीतलं यंत्र ट्रॅकच्या प्रत्येक फेरीत इंजिन किती वेगानं फिरलं ते लिहून ठेवतं. ती नोंद वाचली तर कळलं, त्या ट्रॅकवर वळणंच वळणं, इंजिनाचा बराचसा वेळ मधल्या वेगात जातो. मोठ्या टर्बोचा पंखा जड. सायलेन्सरकडे जाणारा धूर त्याला फिरवायला वेळ घेतो, तोवर इंजिनाला जादा हवा मिळत नाही. आणि मिळते तेव्हा एकदम मिळते, नेमकी वळणातून बाहेर पडताना, आणि चाकं घसरतात. मी लहान जोडी सुचवली. कंपनीच्या टर्बोपेक्षा थोडीच मोठी, हलक्या पंख्याची, बॉल बेअरिंगची. डॉक्टरांचा चेहरा पडला. "म्हणजे एवढं सगळं करून माझी गाडी मित्रापेक्षा कमीच राहणार?" मी म्हटलं, "सरळ पट्ट्यावर, हो."

ते विचार करून सांगतो म्हणून गेले, गाडी मात्र शेडमध्येच राहिली. आणि मला ती लाँच आठवायला लागली. मी नुकतीच इंजिनिअर झाले होते, तुमच्या हाताखाली पहिलंच वर्ष. भाट्याचा एक तांडेल स्वतःची मच्छीमार लाँच चालवायचा, तिचा टर्बो बदलायचा होता. तुम्ही म्हणालात, तूच निवड. मी तक्ते काढले, गणितं मांडली आणि सगळ्यात जास्त ताकद देणारा मोठा टर्बो निवडला. तुम्ही कागद पाहिला, काही बोलला नाहीत, बसवलात. चाचणीच्या दिवशी मला म्हणालात, "चल, चढ." तांडेल कुरकुरला, "मिस्त्री, बाईमाणूस लाँचवर कशाला?" तुम्ही म्हणालात, "टर्बो तिनं निवडलाय. तीच येल."

बाहेर समुद्रात लाँच छान पळते आहे, तांडेलसुद्धा हसतो आहे. मग आपण परत फिरतो. ओहोटी लागली आहे, खाडीच्या तोंडाशी पाणी जोरात बाहेर येतं आहे, आणि गाळामुळे वाट अरुंद, तिथे हळूच जावं लागतं. कमी वेगात इंजिन ओढेना. तांडेल रेटतो आहे, काळा धूर निघतो आहे आणि लाँच आडवी होत खडकांकडे सरकते आहे. खलाशी बांबू घेऊन धावले. तुम्ही खाली इंजिनापाशी उतरलात. मी दोरी धरून उभी होते. कशीबशी लाँच मागे घेतली आणि भरती लागेपर्यंत बाहेरच नांगर टाकून बसलो. चार तास. तांडेल माझ्याकडे बघतही नव्हता.

घरी अम्मी तव्यावर बांगडे परतत होती. तुम्ही हात धुऊन पाटावर बसलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "कागद वाचलास, खाडी नाय वाचलीस. इंजिन मिरवायला नसतं, घरी यायला असतं." अम्मी म्हणाली, "पोरीला जेवू तरी द्या." तुम्ही म्हणालात, "जेव." दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः तांडेलाकडे गेलात आणि जुन्या मापाचा टर्बो बसवून दिलात. मला रागही आला होता. कागद बघितला तेव्हाच का नाही बोललात? माणसं होती लाँचवर. ते भांडण मी तुमच्याशी अजूनही करते. डॉक्टरांना मी आधीच सांगितलं, ते तुमच्यासारखं नाही, तुमच्या उलट केलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "लहान बसवा. पण ट्रॅकवर तुम्ही सोबत यायचं." मी गेले. मित्राची गाडी सरळ पट्ट्यावर पुढे निघायची, वळणातून सुटताना डॉक्टर तिला गाठायचे. दिवसअखेर मित्रच थोडा पुढे राहिला. पण डॉक्टरांची स्वतःची फेरीची वेळ आधीपेक्षा तीन सेकंदांनी कमी झाली होती, आणि हेल्मेट काढल्यावर ते काहीतरी लहान मुलासारखं बडबडत होते. मग त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "एक फेरी मारा, मॅडम. तुमचंच काम आहे."

हा कागद कुठे पाठवायचा नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. मी त्यांना म्हटलं, माझे हात तेलकट आहेत, सीट खराब होईल. हात स्वच्छ होते, अब्बा. खाडीतल्या त्या दिवसासारखी मला भीती वाटली.