रंगूबाईने माझी ओटी भरली

कामतघर, भिवंडी

गणेशपुरीचा रहिवासी, माझा बाकावरचा सोबती नामा यास,

बाळारामाचा कडकडून नमस्कार. तुझे गुडघे, बकुळावहिनी आणि म्हैस यांची खुशाली कळव (क्रम तुझा तू लाव). मुख्य बातमी आधीच सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील: जीभ वाचली.

जिभेच्या कडेला कॅन्सरची गाठ निघाली, हे तुला ठाऊकच आहे. कापली तर अर्धी जीभ जाईल, असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला जेवणाखाण्याचं काही सुचलं नाही. आपली कौलारू शाळा आठवली, आणि साऱ्या वर्गाने तारस्वरात म्हटलेलं ‘तळ्याकाठचा बगळा खुळा, कमळांची भरवी शाळा’. अर्ध्या जिभेने त्यातला एक तरी ‘ळ’ निघाला असता का, सांग! पण तिथेच एका नव्या औषधाची चाचणी चालू होती, त्यात माझं नाव घातलं. ते काम पाहणारी डॉक्टरीण धम्मदिना, आपल्या नातीएवढी पोर. तिने समजावलं, की नेहमीची केमो सगळ्या अंगावर चालून जाते. ही गोळी मात्र गाठीच्या पेशींवरची खूण हुडकून तिथेच घाव घालते. (जन्म लूमवर गेलेल्याला हे चटकन कळलं: एका खराब धाग्यापायी अख्खा ताणा कापायचा नाही.) गाठ आकसली, तर थोडक्या कापाकापीत भागणार होतं.

दुसऱ्या आठवड्यात तोंडभर, छातीभर पुरळ उठली. ती उठेल हे पोरीने आधीच सांगितलं होतं म्हणे, पण तेव्हा मी खिडकीबाहेरचा गुलमोहर पाहत होतो. रंगूने माझं थोबाड पाहिलं आणि एकदम हातच जोडले. “आई आली हो घरात!” झालं. दाराला कडुनिंब, फोडणी बंद, टीव्ही बंद, आला-गेला बंद. आणि देवी अंगावर असताना औषध चालत नाही, म्हणून गोळ्याही बंद! मी बोलायला हवं होतं. पण नामा, जन्मभर “अहो, उठा, नळ गेला” एवढंच ऐकलेल्या कानांवर “आई, दहीभात घ्या, आई, कुशीवर वळा” असे शब्द पडू लागले. ही बाई माझ्यापुढे वाकली, तीही मनापासून! तू असतास तर आणखी दोन दिवस देवी राहिला असतास.

तपासणी चुकली म्हणून धम्मदिनाचा फोन आला. रंगूने ठणकावलं, “ते न्हाय येणार. देवी हाय अंगावर.” दुसऱ्या दिवशी पोर रिक्षाने दारात हजर. रंगूने आधी तिला उंबऱ्यावर पाय धुवायला लावले. माझा चेहरा पाहून ती चक्क हसली. “आजोबा, ही औषधाची पुरळ. ज्यांना गोळी लागू पडते, त्यांना बरेचदा अशीच उठते. पण गोळ्या कुठायत?” रंगूने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. पोरीचं हसू मावळलं. “आजी, गोळ्या थांबल्या तर गाठ वाढेल. मग जीभ जाईल.” रंगूने देव्हाऱ्यातल्या गोळ्या काढून पोरीच्या हाती दिल्या. तरी म्हणते, “आलेल्या देवीला हाकलायची न्हाय. पाठवणी करावी लागल.” “मग आत्ताच करा,” पोर म्हणाली, “मी थांबते.”

आणि भर दुपारी, चाळीतल्या समस्त बायकांसमोर, माझी ओटी भरली गेली. पदर नव्हता, टॉवेल पसरला. खण, नारळ, तांदूळ. बायका कुंकू लावून, पाया पडून गेल्या (पोलादी चेहऱ्याने मी आशीर्वाद दिले), आणि शेवटी त्याच टॉवेलवर पोरीने गोळी ठेवली. संध्याकाळी चहा मागितला, तर रंगू म्हणाली, “हात मोडले का?” देवी खरोखरच गेली होती.

काल नवा स्कॅन झाला. गाठ निम्म्याहून लहान. आता कडेचा तेवढा तुकडा काढणार, जीभ राहणार. ऐकताच मी तिथेच अख्खा बगळा म्हणून दाखवला, सगळ्या ‘ळ’सकट. रंगू डोळे पुसत होती, कवितेमुळे नव्हे.

तुझाच,
बाळाराम

ता. क. : श्रेय गोळीचं की देवीचं, यावर घरात दोन पक्ष आहेत. मी दोन्हींकडे जेवतो.

ता. क. २ : आता खरं काम. बकुळावहिनींचा फोन होता. तुझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, आमटी पाणी ओतून खातोस, आणि विचारलं की “वय झालं” म्हणतोस. पुढच्या तपासणीला तू माझ्याबरोबर येतोस. धम्मदिनाला सांगून ठेवलंय.

ता. क. ३ (रंगूच्या हातचं) : भावजी, मुकाट या. न्हायतर मीच येते. गणेशपुरीची एष्टी मला बी ठावं हाय.