बाथरूममधल्या मुंग्या

प्रिय अनय,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी नीट वाच. चौथीपर्यंतच्या शाळेचं अक्षर आहे, हसू नकोस. फोनवर तू नुसतं "हो आजी, हो आजी" करत भलतीकडेच बघत असतोस, म्हणून कागद घेतला.

माझी साखरेची गोळी बदलली. आधीच्या गोळीनं अंत पाहिला माझा. तोंडाला सदा गंजकी चव, जशी काही पितळेची पळी चोखत बसलेय, आणि पोटाचं विचारू नकोस. भजनी मंडळात पेटी एका सुरात, माझं पोट दुसऱ्या. पेटीवाली वसुंधरा दोनदा चुकली, तरी दोष तबल्याला दिला, भली बाई. मग डॉक्टरीणबाईंनी ही नवी दिली, मसुरीएवढी. पोट शांत झालं, पण तासातासाला बाथरूम, आणि खाज कुठे सुटते ते लिहायची मला लाज नाही, वाचायची तुला वाटेल. आठव्या दिवशी सकाळी बघते तर मोरीच्या जाळीपासून खिडकीपर्यंत मुंग्यांची रांग. मी म्हटलं, झालं! साखर वाढली, गोळी खोटी निघाली. कोणाला न विचारता बंद केली. सहाव्या दिवशी देवघरातली एक समई दोन दिसायला लागली, तेव्हा तुझ्या बापानं दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई आधी ओरडल्या, मग हसल्या. म्हणाल्या, आजी, ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते. मुंग्या आल्या म्हणजे ती कामाला लागलीय. पाणी प्या, खाजेला मलम लावा, आणि पुन्हा स्वतःच्या मनानं गोळी सोडाल तर बघा. मी गप्प बसले. मी कधी गप्प बसते का? तुझे आजोबा जन्मभर बाजव्याला रिफायनरीत होते. एका तेलातून चार वस्तू वेगळ्या काढायला तिथं गावाएवढा कारखाना लागतो. इथं मसुरीएवढी गोळी माझ्या अडाणी पोटात जाऊन तेच करते, ना धूर ना भोंगा. आणि त्या मुंग्या! डॉक्टरला सुई लागते, मशीन लागतं. त्यांना कोण सांगायला जातं? शेजारच्या दक्षाबेन म्हणाल्या, बा, तुम्ही तर घरबसल्या कीडियारूं केलंत. इथं पुण्य लागावं म्हणून झाडाखाली मुंग्यांना पीठसाखर घालतात ना, ते. मी हसले. पण तेव्हापासून बाथरूममध्ये पाय जपून टाकते.

खरं सांगू, गप्प झाले ते दुसऱ्याच कारणानं. ही रांग मी आधी पाहिली होती. बाजव्याच्या क्वार्टरमध्ये, तुझे आजोबा पहाटे ड्यूटीवर गेले की मागे मोरीत मुंग्या. मला वाटायचं, घर अस्वच्छ दिसतं, येणारीजाणारी काय म्हणेल. दोन वर्षं मी पावडर मारली. दर आठवड्याला डबा. आणि माणूस तिकडे वाळत चाललेला. पुढे चपलेचा फोड, मग अंगठा, मग पाय, मग तेच गेले. मुंग्या रोज सांगायला येत होत्या आणि मी त्यांना झाडून टाकत होते. इतक्या वर्षांत हे कोणापाशी बोलले नाही. रडगाणं म्हणून सांगत नाही, तुझ्या कामाचं आहे म्हणून सांगते.

दिवाळीत तू चार दिवस वरच्या खोलीत होतास. बारीक झालास म्हणून सगळ्यांनी वाहवा केली, इथला बटाट्याचा गोडसर लीला चिवडा एवढा खातोस तरी अंगाला लागत नाही म्हणाले. तुझ्या उशाचा पाण्याचा जग दिवसातून तीनदा भरलेला मी मोजला. तू पुण्याला परत गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी गोधडी आणायला मी गुडघे धरत वर चढले. वरचं बाथरूम तुझ्याशिवाय कोणी वापरत नाही. जाळीपासून खिडकीपर्यंत रांग होती, अनय. जुन्या सवयीनं कोपऱ्यातला पावडरीचा डबा उचलला होता, तो तसाच खाली ठेवला आणि उंबऱ्यात बसून त्या एवढ्याशा जिवांना हात जोडले. तुझ्या बापाला अजून बोलले नाही. तू गोळी लपवून घेत असशील तर मला सांग, तोंड कडू होतं, पोट बिघडतं, सगळं मला ठाऊक आहे, त्यावर उपाय निघतात. आणि तुला काही माहीतच नसेल, तर हा कागद वाचशील त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहासुद्धा न घेता, जाऊन रक्त दे. आता घे आशीर्वाद.

तुझीच,
पावडरीचा डबा फेकून दिलेली
आजी