मुका आहे, बहिरा नाही

पारनेर,
४ डिसेंबर २०२४

ती. साळूअक्कास,
काकासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. तुझा फोन रोज येतो, तुझी भावजय मंदा तो माझ्या कानाला लावते, तू बोलत राहतेस आणि मी इकडून नुसता घोगरा श्वास सोडतो. त्यापेक्षा पत्र बरं. मोबाईलवर लिहायला गेलो तर माझं एक बोट तीन अक्षरं दाबतं.

पुण्यात अर्धी जीभ काढली त्याला चार महिने झाले. रेडिएशनचा शेक संपला. नाकात नळी आहे, तिच्यातून मंदा नाचणीची पेज सोडते. पंचवीस वर्षं बाजारात कांद्याचा लिलाव पुकारला, सगळ्या आवारात माझा आवाज जायचा. तंबाखूने नेमका तोच माल उचलला. दोष कोणाला देणार, बोली मीच लावली होती.

रोगापेक्षा समाचाराला येणाऱ्यांचा ताप जास्त. ज्याला घोट गिळता येत नाही त्याच्यासाठी डझनाने केळी आणतात आणि माझ्यासमोर बसून खातात. शिवाय सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, अशी गावाची समजूत. काल आपला चुलतभाऊ आप्पासाहेब कानाशी तोंड आणून ओरडला, "वळखलं का मला?" मी पाटीवर लिहिलं, मुका आहे, बहिरा नाही. त्याने ते वाचलं आणि हा काय म्हणतो म्हणून मंदाला विचारलं, तेही ओरडूनच.

आनंदाची गोष्ट एकच. रोज सराव केला तर अर्ध्या जिभेनेही शब्द येतात, असं डॉक्टर म्हणाले. मी पहाटे गोठ्यामागे जाऊन अ आ करतो. म्हैस वैरण सोडून बघत राहते. पूजाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. रविवारी नगरच्या होस्टेलवरून येते आणि माझी मास्तरीण होते. पोरगी शिकून पायावर उभी राहिली एवढं झालं की बास, त्यासाठी ही नळी सोसतो.

दाजींना नमस्कार. भावावर माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
काकासाहेब


पुणतांबा,
१३ डिसेंबर २०२४

चिरंजीव काकासाहेब यास,
साळूअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग पदराने डोळे पुसले. म्हशीला अ आ येऊ लागले की कळव, तिला अंगणवाडीत घालू. मी निवृत्त झाल्यापासून तिथे कोणी नीट शिकवत नाही.

धीर सोडू नकोस. आशेवर जग चालतं. तुझ्यासारखे कितीतरी बरे होऊन हिंडताहेत. गोदावरीवर रोज दिवा सोडते आणि तुझं नाव घेते. माझ्या दिराचा कल्याण तुझी फार विचारपूस करतो. साखर कारखान्यात लागलाय, पोरगा निर्व्यसनी आहे. संक्रांतीला येते, मग पोटभर बोलू. म्हणजे मी बोलेन, तू पाटी भर.

पेज वेळेवर घेत जा, मंदावर चिडू नकोस आणि आमची आठवण असू दे.

तुझी,
साळूअक्का


पारनेर,
२० जानेवारी २०२५

साळूअक्कास, नमस्कार.

संक्रांतीला आलीस, खाटेच्या कडेला बसलीस, माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवलास आणि पाठ वळवून मंदाशी बोललीस. मी डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले. तू म्हणालीस की मानेत पुन्हा गाठ आलीय, डॉक्टरांनी हात टेकलेत, आता हा थोड्या दिवसांचा सोबती. तेव्हा याच्या डोळ्यांदेखत पूजाचे हात पिवळे करून टाका, कल्याण घरचाच आहे, नर्सिंग राहिलं तर राहिलं. मंदा नुसती हूं म्हणाली.

अक्का, माझ्या मरणाची बातमी मला अशी कळली. पत्रात चिरंजीव लिहितेस आणि खाटेपाशी दिवस मोजतेस. महिनाभर मी पहाटे उठून अ आ करत होतो आणि तुम्हा दोघींना सगळं ठाऊक होतं.

मरणाचं काही वाटत नाही असं लिहिलं तर खोटं होईल. फार वाटतं. पण माझ्या डोळ्यांचं निमित्त करून पोरीचं शिक्षण मोडायचं, हे त्याहून जास्त लागलं. या डोळ्यांना काय बघायचंय ते तुम्ही कोणी विचारलंत का?

तू विसरली असशील, मी नाही. आजोबांना घरघर लागली म्हणून त्यांच्या डोळ्यांदेखत तुझं लग्न उरकलं. सातवीच्या परीक्षेला आठ दिवस राहिले होते. आजोबा पुढे अकरा वर्षं जगले आणि तुझी पोरं खांद्यावर घेऊन हिंडले. अंगणवाडीसाठी तुला तिशीत दहावीला बसावं लागलं.

जास्त काय लिहू.

काकासाहेब


पुणतांबा,
२९ जानेवारी २०२५

चिरंजीव काकासाहेब यास आशीर्वाद. हा शब्द मी बदलणार नाही, तू कितीही चीड.

होय, म्हणाले. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाजूला बोलावून सांगितलं, आणि मंदाने तुझ्यापासून लपवायची मला शपथ घातली. आशा खोटी होती हे खरं. पण ती लावल्याशिवाय तू पेज घेत नव्हतास, मग आम्ही काय करायचं होतं?

आजोबांचं काढलंस ते वर्मी लागलं. जन्मभर सगळ्यांना सांगत आले की लवकर लग्न झालं तेच बरं झालं. आता भाकऱ्या थापताना सातवीचा वर्ग डोळ्यांपुढे येतो. तुझ्यावर रागावले आहे, आणि तू खोटं लिहिलेलं नाहीस याचाही राग आहे.

पण ९ फेब्रुवारीला पूजा-कल्याणची सुपारी ठरलीय. दीर भाऊकीला सांगून बसलेत. ती मोडली तर मला या घरात तोंड वर करता येणार नाही. लांबव हवी तर, मोडू नकोस. बहीण म्हणून एवढं मागते.

तुझी,
साळूअक्का


पारनेर,
११ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

गुडघे धरल्याचं सांगून सुपारीला आली नाहीस. तुझे गुडघे मला माहीत आहेत. पण बरं केलंस.

लिलावात शेतकऱ्याला भाव पटला नाही तर पुकारणारा एकच शब्द बोलतो, रद्द. मग व्यापारी कितीही तणतणो, माल जागचा हलत नाही. त्या दिवशी मी तो शब्द आधी पाटीवर लिहिला. तुझ्या दिरांनी पाटी न वाचताच बाजूला ठेवली आणि माझ्या कानात ओरडले, "काळजी करू नका, पोरगी आमच्यात सुखात ऱ्हाईल." तेव्हा मी खांबाला धरून उठलो आणि पुकारलं. बाहेर पडला तो शब्द नव्हताच, रेडकू हंबरावं तसा आवाज होता. दोघंतिघं हसले. पूजा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पप्पा रद्द म्हणत्यात."

अक्का, मी बोललो आणि कोणाला तरी कळलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटावी, कारण आत मंदा रडत होती आणि बाहेर पाहुणे चपला शोधत होते. मंदा अजून माझ्याशी बोलत नाही. घरात आता दोघं मुके.

तुझ्या घरी तुला काय ऐकावं लागलं असेल ते कळतं. त्याबद्दल तुझे पाय धरतो.

तुझा,
काकासाहेब


पारनेर,
२२ जून २०२५

ती. अक्कास नमस्कार.

आता लिहवत नाही, थोडंच लिहितो. पूजाची परीक्षा ८ ते ११ जुलै. मध्येच माझं काही झालं तर शेवटचा पेपर होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही. माझं मढं ठेवून तिची वाट बघत बसायचं नाही, नाहीतर कोणीतरी तिला फोन करेलच. पेपर बुडाला तर सगळं बुडेल. मंदाच्याने हे होणार नाही. तू माझ्यापासून महिनाभर लपवलंस, आता माझ्यासाठी चार दिवस लपव. ७ तारखेला ये.

काकासाहेब


अहिल्यानगर,
३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास, पूजाचा सा. न. वि. वि.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. राग होता म्हणून उत्तर दिलं नाही. राग अजून आहे.

मी पास झाले. इथल्याच एका दवाखान्यात कामाला लागले. सुपारी मोडली नसती तर बाप समाधानाने गेला असता, असं गावात म्हणतात. ते मी ऐकते आणि सोडून देते. तुमचं सोडवत नाही. नगर ते पारनेर तासाभराचा रस्ता आहे. अग्नी आप्पासाहेबकाकांनी दिला, मला तोंडही बघायला मिळालं नाही. आणि बुडालेला पेपर सहा महिन्यांनी पुन्हा देता येतो, आत्या. पप्पांना ते माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

१० तारखेचा पेपर सुटल्यावर साडेतीनला मी फोन केला. तुम्ही म्हणालात, झोपलाय. मी म्हणाले, झोपू द्या, उठले की सांगा पेपर सोपा गेला. तेव्हा त्यांना जाऊन अर्धा तास झाला होता, हे मला दुसऱ्या दिवशी पारनेरच्या स्टँडवर उतरल्यावर कळलं.

तुम्ही त्यांना ते सांगितलंत का? तेवढंच कळवा.

पूजा


पुणतांबा,
८ ऑक्टोबर २०२५

चि. पूजास आशीर्वाद.

सांगितलं. तुझा फोन चालू होता तेव्हा तुझ्या आईच्या तोंडावर माझा हात होता. फोन ठेवला, हात तसाच ठेवला आणि आधी त्याला सांगितलं, पूजाचा पेपर सोपा गेला म्हणून. मग हात काढला.

तुझी,
साळूआत्या