शेंगदाण्याची पाठ टणक झाल्याची हकीगत

मागोंग, पेंगहू बेट
चौथा चांद्रमास, वारा पडलेला

तीर्थस्वरूप सुई-येनताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला अर्धा मनाने वाकलो असे समजावे). तुझे गुडघे कसे आहेत? काऊशुंगच्या दमट हवेत ते कुरकुरत असतील, तर बेटावरच्या वाऱ्याला जन्मभर नावे ठेवल्याचे ते फळ आहे, असे मी म्हणत नाही, तुझी भावजय ली-च्यू म्हणते. तुझी नात चि. पेइ-रोंग हिचा पुढचा दात उगवला का? तू नववर्षाला पाठवलेल्या अननसाच्या वड्या पोहोचल्या. बोटीने त्यांचा भुगा केला होता, तो आम्ही नवराबायकोने चमच्याने खाल्ला. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत, आणि यातला 'सर्व' हा शब्द मी फार अभिमानाने लिहिला आहे.

कारण ताई, शेंगदाण्याची पाठ टणक झाली! पेइ-रोंगला शाळेसाठी तिकडे नेताना तिचे ते बिस्किटाएवढे कासव तू माझ्या हवाली केलेस, तेव्हा धक्क्यावर चार माणसांत म्हणालीस, "बून-ह्योंग, तुझ्या हातून कुंडीतली कांद्याची पात जगत नाही, हे तर जितंजागतं आहे." ती चारही माणसे अजून बेटावर आहेत. एकेकाला गाठून मी शेंगदाण्याच्या पाठीवर अंगठा दाबायला लावला. अंगठा वाकतो, पाठ वाकत नाही. आता तू म्हणशील की कासवाची पाठ टणकच असते, त्यात तू काय दिवे लावलेस? तेच सांगायला बसलो आहे. चहा घेऊन बस.

पहिल्यांदा हे नमूद करतो की तुझ्या सूचना मी तंतोतंत पाळल्या. तू सांगितलेस, याला वारा लागू देऊ नकोस; मी टब स्वयंपाकघरात चुलीमागे ठेवला, जिथे वारा सोडाच, दिवससुद्धा पोहोचत नाही. तू सांगितलेस, याला फक्त सुका जवळा घाल. मी फक्त सुका जवळा घातला. (ली-च्यू एकदा पालेभाजीचे पान टाकायला गेली, तर मी तिचा हात धरला आणि म्हटले, ताईने पानाचे नाव काढलेले नाही.) हिवाळा जसा अंगावर आला तसा शेंगदाणा मंद होत गेला. एके दिवशी पाणी बदलताना मी त्याला उचलले, आणि माझी बोटे त्याच्या पाठीत रुतली. अगं, उकडलेल्या पावाच्या कडेला दाबावे तशी! कडा वर वळलेल्या, पोटाखाली एक पांढरट चट्टा. मी त्याला पाण्यात ठेवले आणि बराच वेळ आपली बोटे बघत बसलो.

गल्लीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. ज्याने कधी मासा सोडून दुसरा प्राणी पाहिला नाही त्यालाही कासवाच्या हाडांबद्दल मत होते. कुणी म्हणाले आले चोळा, कुणी म्हणाले नाव बदला. ली-च्यूने चहाच्या बियांचे तेल काढले, जे ती स्वतःच्या केसांनाही सणालाच लावते, आणि रोज सकाळी शेंगदाण्याची पाठ चोळू लागली. पाठ इतकी चमकायला लागली की तिच्यात माझे तोंड दिसे. मऊपणा तसाच. नुसता मऊ होता, आता मऊ आणि चकचकीत झाला.

शेवटी गुरांच्या दवाखान्यातल्या औयांग डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिने शेंगदाण्याला तळहातावर घेतले, नखाने पाठ दाबली आणि मला विचारले, "याला चुलीमागे अंधारात ठेवून नुसता जवळा घालायची अक्कल कुणी दिली?" मी म्हणालो, एका वडीलधाऱ्या व्यक्तीने. (नाव सांगितले नाही. काळीज तुटले तरी सांगणार नाही.) ती म्हणाली, "वाढत्या पिल्लाला ऊन नाही आणि चुना नाही, तर पाठ कशानं घट्ट व्हायची? आणि हे तेल काय लावलंय, तळायचंय का?" मग तिने सांगितले: तेल मऊ ब्रशने धुऊन काढा, रोज खरे ऊन दाखवा, काचेतून आलेले नव्हे, माकूळ माशाच्या पाठीतले पांढरे हाड टबात टाका, हिरवा पाला आणि काट्यासकट बारके मासे द्या, चट्ट्यावर आयोडीन लावून तो कोरडा राखा. लवकर केले तर वाचेल. नाही तर, असे म्हणून तिने पुढचे वाक्य गिळले, आणि ते गिळलेले वाक्य मी घरी घेऊन आलो.

आता ऊन कुठून आणू? हिवाळ्यात आपल्या दारात उभे राहिले तर माणसाच्या भुवयांवर मीठ साचते, आणि हे तर बिस्किटाएवढे. तेव्हा मी समुद्रमातेचा कौल घ्यायचे ठरवले. कंदिलांचा सण तोंडावर होता. तुला माहीतच आहे त्या दिवसांत देवळात काय असते: लांबलचक टेबलावर भाताची कासवे, शेवयांची कासवे, शेंगदाण्याच्या गोड पिठाची कासवे, आणि ज्याला सलग जास्त वेळा 'हो' असा कौल मिळेल त्याने आवडते कासव घरी न्यायचे, पुढच्या सणाला त्याहून मोठे आणून द्यायचे. मी शेंगदाण्याला वड्यांच्या लाल खोक्यात घातले (घरात दुसरे खोके नव्हते, त्यालाही तुझ्या वड्याच जबाबदार), आणि देवीपुढे बसून कौलाच्या दोन्ही लाकडी फोडी टाकल्या. विचारले, माते, डॉक्टरीणबाईंचे ऐकू का? दोन्ही फोडी पोट वर करून पडल्या. म्हणजे देवी हसली. पुन्हा विचारले, पुन्हा हसली. मग माझ्या मनात आले ते विचारले: माते, या सगळ्याला सुई-येनताईच्या सूचना कारणीभूत आहेत का? ताई, एक फोड उताणी, एक पालथी, सलग तीनदा 'हो'! हे मी लिहिणार नव्हतो, पण साक्षीला देवळाचा पुजारी आहे.

या आनंदात मी जरा गाफील राहिलो. खोके मी फोडी टाकताना मोकळ्या हातांसाठी टेबलाच्या टोकाला ठेवले होते. देवळातल्या बायकांना लाल खोके म्हणजे आणखी एक अर्पण वाटले. त्यांनी त्यावर लाल चिठ्ठी चिकटवली, नंबर घातला आणि नीट रांगेत सरकवले. मी वळून बघतो तो टेबलापुढे आ-थो गुडघे टेकून बसलेला. होय, तोच आ-थो शू, ज्याचे माकूळ माझ्या माकुळापेक्षा चांगले वाळते असा त्याचा पंचवीस वर्षांचा गैरसमज आहे. कौल त्याला एकामागून एक पडत होते. लोक मोजत होते. मी "अहो, अहो" करीत पोहोचेपर्यंत त्याने सगळ्यांवर मात केली होती, आणि लाल खोक्याचे झाकण उघडले होते. आतून शेंगदाण्याने मान बाहेर काढली. तेल लावलेला, चकचकीत, लाल चिठ्ठीसकट. बायकांनी हात जोडले.

"आ-थो," मी म्हणालो, "हे माझं आहे."

"होतं," आ-थो म्हणाला. "आता देवीनं मला दिलंय."

"अरे, मी याला नुसतं देवीला दाखवायला आणलं होतं!"

"दाखवलंस ना? तिनं बघितलं, आणि मला दिलं. परत देईन की मी. पुढच्या सणाला, मोठं करून. तू काय देवीपेक्षा मोठा लागून गेलास?"

"माझ्या ताईच्या नातीचं आहे रे ते. आजारी आहे. पाठ दाबून बघ."

त्याने दाबले. त्याचा चेहरा बदलला, हे मला त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. पण कौलापुढे कुणाचे चालते? पुजाऱ्यानेही मान हलवली. तेव्हा मी एक चाल खेळलो, जिला माझ्या आयुष्यातली सर्वांत हुशार चाल म्हणायला हरकत नाही. मी म्हणालो, कासव तुझे, उपचार माझे. कारण ताई, आ-थोचे परसू तू पाहिले आहेस: चारही बाजूंनी पोवळ्याच्या दगडांची पुरुषभर भिंत. तिथे कोबीसुद्धा वाऱ्याचे नाव ऐकल्याशिवाय वाढतो. वारा डोक्यावरून जातो आणि ऊन तेवढे खाली उतरते. आणि माकूळ वाळवणाऱ्याच्या घरी माकुळाच्या हाडांना काय तोटा! (देवी का हसली ते मला तिथे उभे राहिल्यावर कळले.)

तर रोज सकाळी मी आ-थोच्या परसात हजर. निम्म्या टबावर सावलीला माझी छत्री, निम्म्यात ऊन. दात घासायच्या ब्रशने मी तेल काढले, माझ्या सुलेखनाच्या कुंचल्याने चट्ट्यावर आयोडीन लावले. कुणाचा हात कमी थरथरतो यावर आमचे रोज भांडण. आ-थो म्हणे, "तू लावतोयस की भिंत रंगवतोयस?" मी म्हणे, "तू पकडतोयस की मुरगळतोयस?" शेंगदाणा दोघांचेही ऐकून मान आत घेई.

मधे एक वाईट आठवडा आला. त्याने डोळे उघडेनात, हाडाला तोंड लावेना, मासळीकडे बघेना. त्या सकाळी आ-थो भांडला नाही. दारातच म्हणाला, "बून-ह्योंग, तूच बघ रे," आणि मला ते ऐकून जास्त भीती वाटली. मी शेंगदाण्याला हातात घेतले. वजनच नव्हते. पेइ-रोंग धक्क्यावर त्याच्या टबात तोंड घालून काहीतरी कुजबुजली होती, ते काय असेल असा विचार मनात आला आणि माझे डोळे भरून आले. वारा नसलेल्या परसात डोळे भरून आले, तेव्हा दुसरे कारण देता येत नाही. डॉक्टरीणबाई सायकलवरून आली, एक बारकी सुई टोचली, कोमट पाण्यात बसवायला सांगितले. आम्ही दोघे म्हातारे टबाच्या दोन बाजूंना बसून राहिलो. आ-थोच्या बायकोने जेवायला हाक मारली, कुणी उठले नाही. पुढे दोन दिवस तेच.

आणि मग आवाज आला. कर्र. आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुन्हा, कर्र. शेंगदाणा माकुळाच्या हाडाचा कोपरा फोडत होता! आ-थोने माझा हात धरला आणि लगेच सोडला, पण धरला होता, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. त्या दिवसापासून त्याने पाला, बारके मासे, आ-थोचा कोबी, जे दिसेल ते खाल्ले. चट्टा सुकून गळला. कडा खाली बसल्या. वारा पडला, ऊन भरभरून आले, आणि पंधरवड्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी नखाने पाठीवर ठोकले तर दारावर ठोकल्यासारखा आवाज निघाला. ती म्हणाली, "झालं. आता दाबून बघणं बंद करा, त्याला कंटाळा आलाय." आम्ही परसात फटाक्यांची लड लावली. शेंगदाणा दगडावर चढून, चारी पाय पसरून, मान उंच करून बसला होता. एवढा सुंदर प्राणी मी पाहिलेला नाही. ताई, तुझ्या भावाने करून दाखवले!

पत्र लांबले. पेइ-रोंगला गोड पापा, जावईबापूंना नमस्कार. गुडघ्यांना शेक घे आणि चिडचिड कमी कर, म्हणजे डॉक्टर नाही तर मी तरी सुखी होईन.

तुझा, आता कुणापुढेही ताठ मानेने उभा राहणारा,
बून-ह्योंग

ता. क. कासव कायद्याने अजून आ-थोचे आहे, हे वर नीट आले नसेल तर येथे लिहितो. सुट्टीत पेइ-रोंग आली की तिला त्याच्या परसात हवे तितके बसू देईन, असे तो म्हणाला आहे. पुढच्या कंदिलांच्या सणाला त्याने देवळात याहून मोठे कासव द्यायचे. डॉक्टरीणबाई म्हणते बरे झालेले पिल्लू आपणहून वाढते, म्हणजे शेंगदाणाच मोठा होऊन परत जाईल आणि कुणाला भाताचे एक शितही लागणार नाही. एवढे सगळे जुळून आले आहे. फक्त टेबलावर गेल्यावर ज्याला जास्त कौल मिळतील तो त्याला घेऊन जाणार, आणि गावातल्या झाडून सगळ्यांना शेंगदाण्याची पाठ मीच दाबायला लावल्यामुळे आता झाडून सगळ्यांना तो हवा आहे.

ता. क. २. म्हणून मी आजच देवळात जाऊन विचारून आलो की सणाला त्याच्यासाठी कौल मी लावू का. देवी म्हणाली नाही. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा हसली. मग नाइलाजाने तुझ्या नावाने विचारले, तर फोडी जमिनीला टेकायच्या आत 'हो'. तिन्ही वेळा. तेव्हा सणाला तुला यावेच लागेल, आणि दर वर्षी यावे लागेल, कारण तो दर वर्षी वाढणार आणि दर वर्षी टेबलावर जाणार. खरे सांगू? यंदा सणाच्या जेवणाला ली-च्यूने चुकून तुझी वाटी मांडली आणि मग कुणालाच ती उचलवेना. तू ये. बोटीचे तिकीट मी काढतो.

ता. क. ३. पेइ-रोंगला सांग, त्याला आता जोरात चावता येते. पत्र पूर्वीच आले असते, पण माझे बोट कालच बरे झाले.