सहाशे तीनचा गारवा

१२ जुलै, शनिवार
आज सामान घेऊन अल मजाजला आलो. जबल अलीच्या कामगार कॅम्पात अकरा वर्षं सहा जणांच्या खोलीत काढली. इथे इमारतीच्या एसीचं काम बघायचं, तळमजल्यावर माझी एकट्याची खोली आहे. पलंग, टेबल, एक खुर्ची, देवाच्या फोटोपुरता कोनाडा. छताला धुराचा अलार्म आहे, म्हणून उदबत्ती न पेटवता नुसती फोटोपुढे ठेवली. देव समजून घेईल. इमारत सहा मजल्यांची. वॉचमन नूरुद्दीन म्हणाला, काका, इथे सहाशे तीनमध्ये गारठून काश्मीर आहे आणि सहाशे चारमध्ये तापून राजस्थान. तुमचं काम म्हणजे दोघांची सोयरीक जुळवायची. पुष्कळ हसलो.

१४ जुलै, सोमवार
गच्चीवरच्या मशीनमधलं थंड पाणी उभ्या पाइपांनी घराघरांतल्या एसीत उतरतं. प्रत्येक घराचा व्हॉल्व्ह बाहेर पॅसेजच्या छतात. कुठे आवळायचा, कुठे सोडायचा. गावी रानात पाण्याच्या पाळ्या लावतात तसंच हे. नियम एकच: आवळण्याआधी त्या घरात जाऊन एसीच्या जाळीखाली हात धरून बघायचा. सहाशे चारच्या अर्चना मॅडमनी विचारलं, हॉलमध्ये पापड वाळत घालू का? मॅनेजर शैलेंद्र सरांचा फोन आला: यल्ला काका, चला, आज हे खलास करा, बाईंनी माझं डोकं खाल्लंय. सहाशे तीन बंद होतं. यादीत ‘रिकामा’ अशी खूण केली आणि व्हॉल्व्ह पूर्ण आवळला. संध्याकाळी सहाशे चार गार.

१५ जुलै, मंगळवार
अर्चना मॅडमनी शिरा पाठवला. नूरुद्दीन सांगत आला की सहाव्या मजल्यावरून इंटरकॉमवर कोणी म्हातारी बोलत होती, हवा येत नाही म्हणाली. मी म्हटलं, चुकून लागला असेल. बाहेर आज अठ्ठेचाळीस डिग्री.

१७ जुलै, गुरुवार
सहाशे तीनचे जहूर साहेब अबू धाबीहून कामावरून परतले. घरात त्यांची आई होती. महिन्याभरासाठी आली होती. खुर्ची ओढून ती एसीच्या जाळीखाली बसली होती, मान वर करून. तशीच गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. नूरुद्दीन माझ्याकडे बघत होता. आज देवासमोर बसवलं नाही.

१९ जुलै, शनिवार
या वहीतही मी खोटं लिहिलं. सहाशे तीन रिकामं नव्हतं. बेल वाजवल्यावर आतून सपाता घासत आल्या. दार न उघडता जहूर साहेबांच्या अम्मा हिंदीत म्हणाल्या, मुलगा घरी नाही, नंतर या. एकट्या बाईच्या घरात शिरायचं नाही ही माझी रीत. पण ‘नंतर या’ लिहिलं की पुन्हा जावं लागतं, आणि ‘रिकामा’ लिहिलं की काम संपतं. दुसऱ्या दिवशी इंटरकॉमवर कोण होतं, हेही मला ठाऊक होतं. गेलो असतो तर यादी खोटी ठरली असती. बातमी कळल्यावर मी आधी काय केलं? जहूर साहेबांकडे नाही, पॅसेजमध्ये गेलो आणि व्हॉल्व्ह उघडला. मग खाली येऊन सगळ्यांबरोबर हळहळलो.

२० जुलै, रविवार
पाचशे तीनमध्ये उकाडा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असूनही जाळीतून गरम वाफारा येत होता. जाळीखाली खुर्ची ओढलेली. घरचे म्हणाले, पोरांचा उद्योग. पोरं म्हणाली, नो अंकल, नॉट अस. मी त्या पाइपला पाणी वाढवलं. थंड झालं.

२१ जुलै
चारशे तीन. तसंच. खुर्चीचं बसायचं फळकूट गरम, आत्ता कोणी उठल्यासारखं.

२३ जुलै
काल तीनशे तीन, आज दोनशे तीन. एका घरी गारवा दिला की उकाडा खालच्या घरी उतरतो. शैलेंद्र सर म्हणाले, काका, पाइपात हवा असेल. मी हो म्हटलं. पाइपात काय आहे ते मला—
एकशे तीन उरलं. त्याच्याखाली माझी खोली.

२४ जुलै, गुरुवार
एकशे तीन. मृणालिनीताई, त्यांची सात महिन्यांची दिया. बाळाच्या अंगावर घामोळं. ताई म्हणाल्या, काका, आधी हिचं बघा हो, आमचं राहू दे. मी म्हटलं, पार्ट मागवलाय, दोन दिवस लागतील.
कुठलाही पार्ट मागवलेला नाही. मी भ्यालो. तो उकाडा माझ्याकडे यायला नको म्हणून लेकराला त्यात ठेवलं.
पुन्हा तेच केलं. पुन्हा—

२५ जुलै
दिवसभर वरून रडणं. दुपारी ते थांबलं. थांबल्यावर जास्त भीती वाटली. जिन्यावरून धावत गेलो. दियाचे डोळे उघडे होते, ओठ सुकलेले. तिथल्या पाइपलाही पाणी वाढवलं. गार हवा येईपर्यंत जाळीखाली हात धरून उभा राहिलो. ताईंनी आभार मानले. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.
खाली आलो. माझ्या खोलीचा व्हॉल्व्ह स्वतः आवळला. पूर्ण. आता तो उकाडा इथेच राहू दे, वर कोणाच्या घरी परतायला नको.

२६ जुलै, दुपार
आली आहे.
भिंती तापल्यात. खुर्ची जाळीखाली गेली, माझ्या डोळ्यांदेखत. मी पलंगावर. दाराची मूठ हातात धरवत नाही. खरं तर धरायची नाही.
नूरुद्दीन, ही वही जहूर साहेबांना दे. त्यांनी आईला एकटं सोडलं म्हणून ते स्वतःला दोष देतात असं तू म्हणालास. त्यांना सांग, दोष त्यांचा नाही. व्हॉल्व्ह मी आवळला. अम्मांनी हाक मारली ती मला कळली होती. मी गेलो नाही.
नाव घेतो आहे देवाचं. जीभ कोरडी—
मी म्हटलं, अम्मा, माफ करू नका.
खुर्ची रिकामी झाली. शेजारी पलंग दबला.
लिहित्या हातावर हात ठेवलाय. म्हातारा. मला वाटलं भाजेल. पण गार आहे. फार गार. एवढा गारवा त्या दिवशी कुठे—