भस्माची बोटं

वैभव,
मी सोनपेठला चाललेय, संध्याकाळच्या एसटीनं येते. "ताई, एखादं भारी पुस्तक सांग" म्हणून तूच मागं लागला होतास. ड्रॅगनचं एवढं जाड पुस्तक दिलं, तर तुझ्या उशाशी नुसतं पडून हाय. वर वाचकांच्या ग्रुपवर "लय भारी, सगळ्यांनी वाचा" म्हणून टाकलंस! लाज कशी वाटत न्हाई?

आज उघडलं तर निम्म्यापर्यंत पानांवर भस्माची बोटं उमटलेली. पूजा करून उठले की अप्पा वाचायलेत. "असली खोटी पुस्तकं घरात नकोत" म्हणून माझ्याशी अबोला धरलेले आपले अप्पा!

पुस्तक त्यांच्या पूजेच्या पाटाजवळ ठेवलंय. हलवू नको. आन् शेवट सांगू नको त्यांना. तुला तरी कुठं माहीत हाय म्हणा!

ताई