खुंटीखालचं गाठोडं

माय, परवा तुझ्या नातीचा फोन आला होता. तिची बदली अकोल्याला झाली आहे आणि तिचा सात वर्षांचा पोरगा नव्या घरात काही केल्या रमत नाही. शाळेतून आला की जिन्यातच बसतो, पाठीवरचं दप्तरसुद्धा काढत नाही. "बाबा, मीसुद्धा चिखलीला आल्यावर अशीच करत होते ना? मग आजीनं काय केलं होतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तिनं तुला चांगलं झापलं होतं." ती हसायला लागली. म्हातारा मस्करी करतोय असं वाटलं तिला. मग मी तिला नीट सगळं सांगितलं, म्हणजे मला वाटलं की सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ती अर्धीच गोष्ट होती. उरलेली तुला सांगायची आहे. तुला वाचता येत नव्हतं. माझी कार्डं गावाकडे, सुलतानपुरात, दुसराच कोणीतरी वाचून दाखवायचा, म्हणून त्या कार्डांत नेहमी सगळं खुशाल असायचं. आता मधे वाचणारा कोणी नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढता काढता मी चिखलीच्या स्टँडपलीकडे स्वतःचं सायकलचं दुकान टाकलं होतं. चाक उचलून एकदा गरकन फिरवलं की कोणत्या बाजूचा बेअरिंगचा छर्रा झिजलाय ते मला आवाजावरून कळायचं. गिऱ्हाईक म्हणायचे, याच्या कानात डॉक्टरची नळी बसवली आहे. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. तोवर बायको आणि पोरगी गावाकडे तुझ्याजवळ होत्या. दुकान जरा चालायला लागल्यावर मी मागच्या टिनाच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि दोघींना घेऊन आलो. तू वावर आणि गाय सोडून यायला तयार नव्हतीस. पोरगी सहा वर्षांची होती आणि आमच्यापेक्षा तुझीच जास्त होती. संध्याकाळी कोंबड्या डालायचं काम तिचं. तिनं डालल्याशिवाय तू दिवा लावायची नाहीस.

निघताना तिचे कपडे तू तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून दिले होतेस. चिखलीत आल्यावर ते गाठोडं तिनं कोणाला सोडू दिलं नाही. भिंतीला मी तिच्या उंचीची खुंटी ठोकली, तर तिनं गाठोडं त्या खुंटीच्या खाली ठेवलं. फ्रॉक काढायचा, घालायचा, धुऊन वाळला की घडी करून परत आत ठेवायचा आणि दातांनी ओढून गाठ मारायची. रोज संध्याकाळी मला विचारायची, "बाबा, आपली गाडी कवा हाय?" मी म्हणायचो, "जाऊ ना बाई." दुसरं काय म्हणणार?

आम्ही काय काय केलं नाही! बिस्किटं आणली, लाल फ्रॉक आणला, बाजाराच्या दिवशी जिलबी. तिच्याशी बोलताना तिच्या आईचा आवाज आपोआप खाली यायचा. मी दुकानात दिवसभर ओरडणारा माणूस, उंबरा ओलांडला की मऊ व्हायचो. पोरगी दाराच्या चौकटीला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसायची. रडायची नाही, हट्ट करायची नाही, ताटात टाकलेलं निमूट अर्धं खायची. एक दिवस गाठोडं घेऊन गावाकडे जाणाऱ्या मेहकरच्या गाडीत जाऊन बसली. कंडक्टर ओळखीचा होता. त्यानं हाताला धरून आणली आणि दुकानात सोडली. "घ्या शेठ, तुमची सवारी," म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या वेळी मात्र गाडी पार नाक्यापर्यंत जाऊन थांबली होती. तेव्हा हसू आलं नाही. बायको म्हणाली, "लेकरू हातचं जाईन एखाद्या दिवशी." त्याच दुपारी मी तुला कार्ड टाकलं, की येऊन हिला घेऊन जा. पहिल्यांदाच माझ्या कार्डात खुशाल नव्हतं.

तू आलीस. पोरगी पळत येऊन तुला चिकटली ती सोडेना. तू दिवसभर भिंतीला टेकून आमचं चाललेलं पाहत होतीस. मला ती जेवणाची वेळ अजून दिसते आहे. चूल पेटलेली, बायको तव्यावर भाकर टाकते आहे, आणि पोरीला विचारते आहे, "अजून देऊ का बाई? गूळ देऊ? दूध देऊ?" मी माझ्या ताटातली कढी तिच्याकडे सरकवतो आहे. आणि तू एकदम म्हणतेस,

"काऊन रे, तुम्ही लेकरू आणलं का जावई?"

मी हसलो. तू नाही हसलीस.

"हसतो काय? आल्यापासून पाहून राह्यली मी. हे घ्या, ते घ्या, बसा, खा. एक काम सांगत नाही तिले, एक शिवी देत नाही. मंग ते पाहुण्यावानीच बसंन ना? पाहुणं म्हटलं की गाडी विचारणारच."

"अवो माय, ती आधीच दुःखी हाय," मी म्हटलं.

"तुले सायकलीचं तेवढं ऐकू येते."

एवढंच बोललीस आणि भाकर मोडलीस. पुढं कितीतरी जणांनी मला काय काय सुनावलं असेल, पण त्यातलं एकही असं बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर एक मास्तर पंक्चर घेऊन उभे, पांढरंशुभ्र धोतर नेसलेले. पंक्चर शोधायला ट्यूब बुडवायची तर घमेल्यात पाणी नाही. तू आतून पोरीला हाक मारलीस, "ऊठ वं! रांजणातलं पाणी काढून त्या घमेल्यात टाक. बाप खोळंबला तिकडं." पोरगी बघतच राहिली. मग उठली. लोट्यानं दोन खेपा केल्या, आणि तिसऱ्या खेपेला तिचा पाय लागून अख्खं घमेलं मास्तरांच्या पायावर पालथं झालं.

"डोळे काय सुलतानपुरात ठेवून आली का?" तू एवढ्या मोठ्यानं ओरडलीस, की समोरचा पानवाला वाकून पाहायला लागला.

आणि मग पोरीनं जे भोकाड पसरलं! "मले नाही येत इथलं पाणी भरता! मले नाही आवडत इथलं घमेलं! तुमीच या, तुमीच भरा!" पाय आपटत होती, नाक वाहत होतं. आल्यापासूनचं सगळं एकदम बाहेर आलं. तिची आई आतून धावली, तर तू तिचा दंड धरलास. "राहू दे. घरचं लेकरू भांडते. पाहुणं भांडते का कुठं?" मास्तर धोतर पिळत म्हणाले, "बरं झालं बुवा, आज आमची आंघोळ राहिलीच होती." पोरगी रडता रडता फसकन हसली. मग तू शांतपणे म्हणालीस, "आता भर परत." आणि तिनं भरलं. तिथंच उभी राहून ट्यूब पाण्यात दाबली की बुडबुडा कुठून येतो ते पाहत राहिली. मी सांगायच्या आधी तिनंच बोट ठेवलं, "हे पा, इथं हाय."

तेव्हापासून घमेलं तिचं. नंतर ती त्याच मास्तरांच्या शाळेत गेली आणि आता स्वतः मास्तरीण आहे, ते सगळं तुला माहीतच आहे. पण तेव्हा तू गावाला परत जायच्या आदल्या दिवशीचं तुला माहीत नसेल. शेजारचा पोरगा घमेल्यात काडी घालून खेळत होता. मी आत हँडल आवळत होतो आणि बाहेरून आवाज आला, "ए, आमच्या घमेल्याले हात नोको लावू. आमच्या घरचं हाय ते." पान्हा माझ्या हातात तसाच राहिला. मागच्या खोलीत जाऊन पाहिलं तर गाठोडं सुटलेलं, लाल फ्रॉक खुंटीला.

तू तिला न्यायला आली होतीस. तिच्यासाठी गावाकडे नवी गोधडी शिवून ठेवली होतीस, हे मला फार नंतर कळलं. लुगड्याचा तो तुकडा तेवढा घडी करून पिशवीत टाकलास. स्टँडवर पोरगी माझ्या खांद्यावर होती, तुला हात करत होती, आणि तू पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. शेजारी बसलेल्या गावच्या बाईनं विचारलं, "नातीले नेणार होत्या ना?" तू म्हणालीस, "नाही नेली. तिच्या घरी हाय ते." गाडीचा एवढा खडखडाट, तरी मला ते ऐकू आलं.

इथपर्यंत मी तिला फोनवर सांगितलं. आता पुढचं.

बारा-तेरा वर्षांनी तुझे गुडघे गेले आणि मी तुला कायमची चिखलीला आणली. तोवर टिनाच्या खोल्यांच्या जागी पक्कं घर झालं होतं, दुकानावर पाटी होती. तू तुझे कपडे त्याच हिरव्या तुकड्यात बांधून आणलेस आणि भिंतीशी, खुंटीच्या खाली ठेवलेस. आम्ही म्हणायचो, माय तू बस. माय तू खा. माय, दूध घे. तुझ्याशी बोलताना माझ्या बायकोचा आवाज खाली यायचा. सहा वर्षांत तुझा-माझा एकदाही खटका उडाला नाही, आणि मी लोकांना ते अभिमानानं सांगायचो.

एक दिवस दुकानात गर्दी होती. तू भिंत धरत धरत बाहेर आलीस, रिकामं घमेलं उचललंस आणि रांजणाकडे निघालीस. मी धावत येऊन ते तुझ्या हातून घेतलं. "अवो माय, तू काऊन? बस ना तू." तू माझ्याकडे पाहिलंस आणि "बरं," म्हणालीस. संध्याकाळी ओट्यावर कोणीतरी तुला विचारत होतं, कुठल्या तुम्ही? "सुलतानपूरची. इथं लेकाच्या घरी आली हो." मी आतच होतो. माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे.

तू गेलीस तेव्हाही गाठोड्याची गाठ तशीच होती.

नातीला फोनवर मी छातीठोक सांगितलं, पोराला काम दे, चुकला तर ओरड. आजीनं शिकवलंय म्हटलं. हे पुढचं तिला सांगितलं नाही, आणि हा कागदही तिला दाखवणार नाही. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की तुझे गुडघे दुखायचे म्हणून घमेलं घेतलं. तसं नव्हतं, माय. म्हाताऱ्या आईला पाणी भरायला लावतो म्हणतील, याची लाज वाटली. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती.